कडी-कोयंड्यासह फलक

कामोठ्याच्या खारबांधावरची उघाडी आमच्या मंडळाने वेळेत दुरुस्त केली आणि गोदूबाईचे भात वाचले.

वरचे वाक्य आपण वाचलेच नाही असे कृपया समजावे. तसे काहीही घडलेले नाही. जिल्ह्याच्या संधारण कक्षाच्या मते उघाडीचे काम अद्याप सुरूच झालेले नाही, आणि जे सुरू झाले नाही ते पूर्ण कसे होईल, असा त्यांचा सवाल आहे. मी मंडळाचा चिटणीस असल्यामुळे मलाही तेच मत बाळगावे लागते. तेव्हा जे घडले नाही ते कसकसे घडले नाही, एवढेच सांगतो.

आधी उघाडी म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आम्हा पनवेलकरांना खाडी माहीत असते ती बाजारात टोपलीतून येणाऱ्या मासळीपुरती. खाडीचे खारे पाणी भातशेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घालतात. पण शेतात साठलेले पावसाचे पाणी बाहेर तर गेले पाहिजे. म्हणून बांधात एक दगडी तोंड ठेवलेले असते आणि त्या तोंडावर, खाडीच्या अंगाला, वरून टांगलेली एक जाडजूड फळी. भरती आली की पाण्याच्या दाबाने फळी मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. तिला पगार नाही, रजा नाही, बदली नाही. इतके बिनतक्रार काम करणारे दुसरे काही मी तालुक्यात पाहिलेले नाही. साहजिकच ती कुणाच्या लक्षात राहिली नाही आणि कुजली.

तेव्हा त्रेसष्ट साल होते. कामोठ्याची गोदूबाई आमच्याकडे तांदूळ घालायची. एक दिवस ती माप ओतून झाल्यावरही ओटीवरून हलेना.

"भाऊ, तुजं अक्षर चांगलं हाय म्हनं," ती म्हणाली.

माझे अक्षर खरोखरच चांगले आहे. मॅट्रिकला माझ्या पेपरात तेवढीच एक गोष्ट तपासनिसाला आवडली असावी. मी नम्रपणे मान खाली घातली, आणि तिथेच फसलो.

"उघाडीची फळी गेली, भाऊ. हातानं दाबली तर भाकरीवानी मोडतंय. दर साली गावकी मिळून फळी बसवतो आमी. अवंदा कुनीतरी येऊन सांगितलं, जिल्ह्याची योजना हाय, सरकार फळी देनार. तवापासून गावकी गप. ज्याला त्याला इचार, म्हनतो सरकार देनार हाय तर आपून कशाला? तू एक अर्ज लिव. एक फळी. बस."

"एवढंच ना?" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळी संकटे या दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत.

"माजं शेत उघाडीच्या तोंडाशीच हाय," ती उठता उठता म्हणाली. "पयलं पानी माज्याच रोपांवं येनार. एकदा खारं पानी बसलं का तीन सालं तिथं गवत पन नाय उगवत. आखाडाच्या अवसेचं उधान मोठं असतं. त्याच्या आत झालं पायजे."

मी त्याच दुपारी सुंदर अक्षरात अर्ज लिहिला: कामोठ्याच्या उघाडीस एक फळी मिळावी. संध्याकाळी तो शेजारच्या आप्पांना दाखवला. आप्पा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला, अर्ज वाचला, आणि घरात मयत झाल्यासारखे माझ्याकडे पाहिले.

"फळी मागितलीस?"

"फळीच हवी आहे, आप्पा."

"अरे, हवी असेल. पण मागायची असते का? फळी मागणाऱ्याला सरकार काय समजेल? सुतार समजेल! 'जलनियंत्रक झडप' लिही. आणि एकट्या बाईचा अर्ज कोण वाचतो? योजना कसली आहे ती बघ आधी. प्रादेशिक नियोजन आणि भूसंधारण, भागीदारी तत्त्वावर. प्रदेश कुठाय तुझा? भागीदार कुठायत?"

आईचे मत वेगळे होते. तिच्या मते काशिराम सुताराकडे एक फळी सांगावी, पुढच्या तांदळात वळती करावी आणि विषय संपवावा. आप्पा मोठ्याने हसले. बायकांना नियोजन कळत नाही, असे ते म्हणाले. मीही थोडासा हसलो. आता हसत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी संधारण कक्ष होता. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून अक्षराचे कौतुक केले आणि परत दिला. योजना दुरुस्तीसाठी नव्हती, नव्या कामासाठी होती. म्हणून जुनी उघाडी मुळात नव्हतीच असे लिहून आणायला सांगितले. एका गावाला अनुदान देता येत नव्हते, कारण एक गाव म्हणजे प्रदेश नव्हे. प्रदेशात निदान तीन गावे, एक शहर आणि परस्परविरोधी हितसंबंध असले पाहिजेत. भागीदारीचा उद्देशच मुळी विरोध मिटवणे हा होता. विरोध नसेल तर मिटवणार काय?

विरोधाची आमच्याकडे टंचाई नव्हती. रोडपालीचे धर्मराज मिठागरवाले. गोदूबाईला खारे पाणी शेतात नको होते, आणि धर्मराजांचे सगळे घरच खारे पाणी आत घेण्यावर चाललेले. तिसरा कामोठ्याचाच दादू कोळी. तो उघाडीच्या तोंडाशी जाळे लावायचा. पाणी आत जावो की बाहेर, त्याला दोन्ही चालत होते, फक्त मासळी अडली पाहिजे. आमच्या ओटीवर पहिली सभा भरली.

"फळी उलटी बसवा," धर्मराजांनी सुरुवात केली. "पानी आत येऊं द्या, भाईर नको."

"मग मी काय मीठ लावू शेतान?" गोदूबाई.

"लाव की. भातापरीस भाव हाय."

"तुज्या तोंडात घाल ते मीठ!"

"भांडू नका रं," दादू म्हणाला. "फळीच नको. मोकलंच राहूं द्या. मासली पन खुश, मी पन खुश."

मी सभेचा वृत्तांत लिहीत होतो. 'विरोध समाधानकारक आहे,' असे मी नोंदवले.

आता तिसरे गाव हवे होते. आसपासच्या खाडीकाठच्या गावांची आपापली भांडणे होती आणि ती आमच्या भांडणात मिसळायला तयार नव्हती. शेवटी कोन गावाने होकार दिला. कोनला उघाडी नाही, बांध नाही, खारे पाणीही नाही. तिथले बुधाजी पाटील सायकलवरून आले आणि म्हणाले, "आमचा याच्याशी काय संबंध नाय, ते आमाला म्हाईत हाय. पन जिल्ह्याचं कायतरी चाललंय आनि कोनचं नाव नाय, असं नको." त्यांना मी सभासद करून घेतले. पुढच्या सगळ्या सभांना वेळेवर हजर राहणारे ते एकटेच. पनवेल शहरातर्फे आप्पा स्वतःच बसले.

मग नाव ठरवायचे निघाले, आणि आमचे ज्यावर एकमत झाले अशी ही एकमेव बाब. एकमत म्हणजे असे, की प्रत्येकाला आपले नाव त्यात हवे होते. शेतकऱ्यांचे घेतले म्हणून मिठागराचे घ्यावे लागले, मिठागराचे घेतले म्हणून मासेमारीचे. आप्पांनी 'सर्वांगीण' घातले. ते का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "असू दे, नाहीतर मागाहून घालता येत नाही." अखेर 'पनवेल शहर तथा कामोठे-रोडपाली-कोन खाडीकाठ व बिगरखाडीकाठ भातशेती, मिठागर व मासेमारी सर्वांगीण प्रादेशिक नियोजन व भूसंधारण भागीदारी मंडळ' स्थापन झाले. मी चिटणीस. हे नाव एका श्वासात म्हणता यायला मला आठवडा लागला. आई म्हणाली, "इतका वेळ मुंजीत संध्येवर घालवला असतास तर."

इकडे जेठ सरला, पाऊस लागला. गोदूबाईने रोपे लावली. दर बाजाराला ती ओटीपाशी थांबे आणि विचारी, "आली का फळी?" मी तिला सांगे की मंडळ स्थापन झाले. पुढच्या बाजाराला सांगे की नकाशा मंजूर झाला. त्याच्या पुढच्या बाजाराला मी सांगितले की जुनी उघाडी नसल्याचा दाखला मिळाला. ती म्हणाली, "मग त्या नसलेल्या उघाडीतून पानी येतंय ते कुठलं, भाऊ?" या प्रश्नाला नमुन्यात जागा नव्हती.

आणि मग अनुदान मंजूर झाले! मी आदेश वाचत वाचत घरी आलो. पहिला हप्ता फळीसाठी नव्हता. तो फलकासाठी होता. कामाच्या जागी मंडळाचे पूर्ण नाव लिहिलेला फलक आधी उभा राहिला पाहिजे, त्याचे रीतसर उद्घाटन झाले पाहिजे, आणि मगच कामाचा हप्ता. फलक टिकाऊ सागवानाचा हवा, अक्षरे वीतभर हवीत, आणि खर्च मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणेच व्हायला हवा.

अंदाजपत्रक घेऊन मी काशिराम सुताराकडे गेलो. तो पाट, पाळणे आणि दारे करतो. फलक त्याने जन्मात केला नव्हता. त्याने नाव ऐकून घेतले.

"एवढं नाव वीतभर अक्षरांत मावायचं तर दाराएवढी फळी लागेल," तो म्हणाला. मग त्याने अंदाजपत्रक वाचले आणि त्याचा चेहरा उजळला. "दारच तर आहे हे! बिजागऱ्या लिहिल्यात. कडी-कोयंडा लिहिलाय. कुलूप लिहिलंय."

मी पाहिले. खरेच लिहिले होते. संधारण कक्षाकडे लाकूडकामाचे एकच अंदाजपत्रक होते, शाळाखोलीच्या दाराचे, आणि तेच सर्वत्र वापरण्याचा प्रघात होता.

"फलकाला कडी कशाला?" मी म्हणालो. "ते सोडून दे."

हे मी आप्पांना सांगितले तेव्हा ते ताडकन उठले. "वेडा आहेस? मंजूर बाब वगळलीस तर अफरातफर होते! बिजागऱ्या लाव. कडी लाव. कुलूप घालून किल्ली तुझ्याजवळ ठेव. आणि किल्ली घेतल्याची पावती तू तुलाच दे."

तेव्हा कामोठ्याच्या बांधावर दोन खांब उभे राहिले आणि त्यांच्यामध्ये आमचा फलक आडवा बसला. उजव्या बाजूला भक्कम बिजागऱ्या, डाव्या बाजूला कडी-कोयंडा आणि पितळी कुलूप. अक्षरे मीच रंगवली. जगात कुलूप लावलेला फलक दुसरा असेल असे वाटत नाही. रस्त्याने जाणारी माणसे तो पाहून थांबत, फलकाच्या मागे जात, तिथे काहीच नाही हे बघून पुन्हा पुढे येत, आणि कुलूप ओढून पाहत. किल्ली मी जानव्याला बांधली होती. त्या दिवसांत माझ्या चालण्यात थोडा रुबाब आला होता, असे आईचे म्हणणे आहे. मला आठवत नाही.

उद्घाटनाची तारीख कक्षाकडून आली. आषाढी अमावास्या, दुपारी बारा.

आई म्हणाली, "दिव्यांची अवस. मी दिवे घासायला बसणार, मी येणार नाही." आप्पा म्हणाले, अमावास्येला शुभकार्य नको. गोदूबाई तारीख ऐकून खालीच बसली. अवसेचे उधाण भर दुपारीच येते हे खाडीकाठी पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मी जिल्ह्याला जाऊन साहेबांना तारीख बदला म्हटले. "शासनाच्या दिनदर्शिकेत अमावास्या नसते," साहेब म्हणाले. मी दिनदर्शिका पाहिली. नव्हती.

अमावास्येला आम्ही सगळे बांधावर जमलो. पाऊस थांबला होता. फलकाला झेंडूची माळ होती, समोर रांगोळी होती, बुधाजी पाटील कोनहून सायकलवर नवा फेटा बांधून आले होते. साहेबांची जीप तेवढी आली नव्हती. खाडी चढत होती. गोदूबाई उघाडीच्या डोक्यावर उभी राहून खाली बघत होती आणि आम्ही तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो.

मग खालून आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी फुटावी तसा. जुनी फळी गेली.

पाणी आत आले. फेस घेऊन, पालापाचोळा घेऊन, सरळ गोदूबाईच्या शेताच्या दिशेने. रोपे अजून वीतभरही नव्हती.  गोदूबाई वळली आणि तिने आमच्या फलकाकडे पाहिले.

"ते दार काढा," ती म्हणाली.

"दार नाही, गोदूबाई. फलक आहे."

"बिजागऱ्या हायत, कडी हाय, कुलूप हाय. दार नाय तर काय हाय?"

"त्याचं उद्घाटन व्हायचंय अजून! साहेब येईपर्यंत फलक हलवता येत नाही. कलम..."

"भाऊ," ती म्हणाली, "तू धरतंस का बाजूला सरतंस?"

मी चिटणीस या नात्याने तोंडी निषेध नोंदवला. मग जानव्याची किल्ली काढून कुलूप उघडले आणि दुसरे टोक धरले. काशिरामने बिजागऱ्या खांबावरून उखडल्या. आपण घडवलेले दार शेवटी दार म्हणूनच लागणार, याचा त्याला विलक्षण आनंद झालेला दिसला. दादूने अंगरखा काढून खाडीत उडी घेतली. धर्मराजही लंगोट कसून उतरले, आणि खारे पाणी आत येत असताना ते बाहेर ढकलताना त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. दाराच्या मापाचा फलक उभा धरला तर उघाडीच्या तोंडावर चपखल बसत होता. फक्त बिजागऱ्यांची बाजू वर घ्यायची होती, म्हणजे डावी बाजू पाण्यात जाणार. तेवढ्यात धर्मराजांच्या लक्षात आले.

"थांबा! रोडपाली पान्याखाली जातंय!"

"कामोठं तर पार तळाला चाललंय," दादू पाण्यातून म्हणाला. "मी काय बोललो का?"

"मग उलटा फिरवा!"

"उलटा फिरवला तर बिजागऱ्या चिखलान! टांगशील कशाला, तुज्या मिशीला?"

बांधावरून बुधाजी पाटलांनी शांतपणे खात्री करून घेतली. पहिल्या ओळीच्या शेवटी असलेले 'कोन' सगळ्यात वर, पाण्याबाहेर, कोरडे राहत होते. "बसवा," ते म्हणाले, "आमची हरकत नाय."

गोदूबाईने ढेकूळ उचलले. ते धर्मराजांच्या कानाजवळून गेले. मग वाद मिटला. दादूने फलक तोंडापाशी नेला मात्र, आत घुसणाऱ्या पाण्यानेच तो ओढून दगडावर आपटला आणि बसला. काशिरामने जुन्या फळीच्या आकड्यांना बिजागऱ्या जखडल्या. खाडी फलकावर रेटा देत राहिली आणि आतले पाणी थांबले. गोदूबाईच्या दोन वाफ्यांत गेले होते तेवढेच. बाकी शेत हिरवे होते. ती बांधावरच मटकन बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. 

तेव्हा साहेबांची जीप आली.

साहेब उतरले. त्यांनी दोन खांब पाहिले, खांबांच्या मध्ये लोंबणारी झेंडूची माळ पाहिली, खाली रांगोळी पाहिली. माझ्याकडे पाहिले. मी कमरेपर्यंत चिखलात होतो.

"फलक कुठे आहे?"

"आहे साहेब. पाण्यात."

"आणि काम?"

"तेही पाण्यातच."

"म्हणजे काम सुरू केलंत? फलकाआधी?"

"काम नाही साहेब, तो फलकच आहे."

"मग फलकाच्या जागी फलक का नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ते ओले होते. साहेब वाकून उघाडीत बघू लागले. पाण्याच्या वर तेवढेच दिसत होते. "कोन," त्यांनी वाचले. "हे इथे कुठे आले?"

"लांब हाय साहेब," बुधाजी फेटा सावरत म्हणाले, "पन आलोय."

साहेबांनी फीत कापायला आणलेली कात्री खिशात ठेवली आणि ते परत गेले. त्यांचा अहवाल आला तो असा: फलक जागेवर नाही, सबब काम सुरू नाही. काम सुरू नसता पाणी थांबलेले दिसते, सबब पाणी अनियमित आहे. फलक आठ दिवसांत काढून मूळ जागी उभारावा, म्हणजे झडपेचा हप्ता देता येईल. न उभारल्यास फलकाची भरपाई चिटणिसाकडून वसूल करण्यात येईल.

म्हणजे फळी मिळायला हवी असेल तर फळी काढायला हवी. आप्पांनी हा आदेश दोनदा वाचला. "भाषा निर्दोष आहे," ते म्हणाले, आणि घरी गेले. मंडळाच्या कामात ते पुन्हा दिसले नाहीत.

मी गोदूबाईला सांगायला बांधावर गेलो. ओहोटी होती. आतल्या पाण्याच्या रेट्याने फलक हलकेच उघडत होता, मिटत होता, माझी अक्षरे उभीच्या उभी वर-खाली होत होती, आणि खाली दादूचे जाळे लागले होते. रोपे आता गुडघ्याएवढी होती.

"काढायला सांगितलंय," मी म्हणालो.

"काड की," गोदूबाई म्हणाली. ती फलकावर पाय सोडून बसली होती आणि उठण्याची काही चिन्हे नव्हती. "मी बसलेय तवर काड."

दिवाळीत तिने नव्या तांदळाचे पोहे आणले, आणि मला पहिल्यांदा 'चिटनीस' म्हणाली. आईने पोहे केले. मी खाल्ले, हात धुतले, आणि चांगल्या अक्षरात पुढील अर्ज लिहून संधारण कक्षाकडे पाठवला. त्याला आजपर्यंत उत्तर आलेले नाही.

'सबब विनंती की, सदर वस्तू ओहोटीच्या वेळी फलक समजण्यात यावी आणि भरतीच्या वेळी काम समजण्यात यावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्यानुसार दिवसातून दोनदा यावे. ते शक्य नसल्यास खाडीस भरती-ओहोटी बंद करण्याबाबत आपल्या स्तरावरून योग्य ते आदेश व्हावेत. कुलपाची किल्ली सोबत जोडली आहे. कुलूप पाण्यात आहे. कळावे.'